आईचा हंडा आणि लेकाची केटल

आमच्या घरात दारूला थारा नव्हता. नाताळ असो, बाप्तिस्म्याचे जेवण असो की लग्नाचा मांडव असो, आमच्या दारात आलेल्या पाहुण्याला सरबत मिळे, कोकम मिळे, चहा तर हवा तितका मिळे. पण पेला काही भरला जात नसे. यावरून नातेवाइकांनी आमची थट्टा केली, काहींनी रागही धरला. आम्ही कधी खुलासा केला नाही. कारण खुलासा करायचा म्हटले की आईच्या हंड्याची गोष्ट सांगावी लागते, आणि ती गोष्ट आमच्या ओठांवर येत नसे. आज वयाची सत्तरी ओलांडल्यावर ती लिहायला बसलो आहोत, त्याला निमित्त मात्र वसईपासून हजारो मैल दूर घडले.

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही उभयता आमच्या चिरंजीवांकडे अमेरिकेत गेलो होतो. पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहराच्या एका उपनगरात त्याचे घर आहे. मागे हिरवळ, बाजूला गाडी ठेवण्याची बंदिस्त गॅरेज, समोर लालपिवळ्या पानांची झाडे. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये आम्हांला दोन मोठी खोकी दिसली. एकात तीन पायांची लोखंडी शेगडी होती, दुसऱ्यात स्टेनलेस स्टीलचे भले मोठे पातेले. पातेल्याच्या बुडाशी नळ बसवण्यासाठी भोक पाडलेले होते. नातीने अभिमानाने सांगितले, "आजोबा, ही केटल. डॅडी यात बिअर करणार आहे."

आम्ही काही बोललो नाही. नळासाठी पाडलेल्या त्या भोकाकडे मात्र पाहत राहिलो.

चिरंजीवांनी रात्री विषय काढला. "पप्पा, तुम्ही तीस वर्षं बॉयलरवर काम केलंत. ज्वाला, दाब, गळती यातलं तुम्हांला जितकं कळतं तितकं मला कळत नाही. जोडणी करायला मदत कराल?" त्याचा प्रश्न सरळ होता, पण त्यामागचा संकोच आम्हांला कळत होता. आपल्या बापाने आयुष्यात दारूला हात लावला नाही हे त्याला ठाऊक होते. का लावला नाही हे त्याला अर्धेच ठाऊक होते.

आम्हांला वाटले होते, सौ. विरोध करतील. पण रात्रीची रोझरी आटोपल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, आगीचं काम आहे. त्याला एकट्याला करू देऊ नका." एवढेच.

दुसऱ्या दिवशी कामाला लागण्यापूर्वी आम्ही चिरंजीवांना विचारले, की हे कायद्याला धरून आहे ना? कारण आपल्याकडे परवान्याशिवाय कोणतीही दारू तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि वाचकांनी हा लेख वाचून घरी असला उद्योग मुळीच आरंभू नये. अमेरिकेची गोष्ट निराळी. तेथे १९२० ते १९३३ अशी देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यावर घरापुरती वाइन करायला मुभा मिळाली, बिअरला मात्र मिळाली नाही. पुढे १९७८ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि ती अडचण दूर झाली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, एवढी मर्यादा. आणि विक्री करायची नाही. घरी दारू गाळणे, म्हणजे वाफ थंड करून जहाल मद्य काढणे, तेथेही गुन्हाच. बिअर गाळत नाहीत, ती आंबवतात. हा फरक ऐकून आमच्या छातीवरचे थोडे ओझे उतरले. का, ते पुढे येईलच.

आता जोडणीविषयी. आपल्या घरातील सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. तेथील टाकीत जवळजवळ निव्वळ प्रोपेन. टाकी २० पौंडांची, म्हणजे सुमारे ९ किलो वायूची. शेगडीची ताकद ताशी ६०,००० बी.टी.यू., म्हणजे साधारण साडेसतरा किलोवॅट. आपल्या स्वयंपाकघरातील मोठ्या बर्नरच्या सात-आठ पट जाळ! पूर्ण ज्वालेवर एवढी टाकी सात तासांत संपते. असा जाळ घरात लावायचाच नसतो. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. गळला तर वर निघून जात नाही, जमिनीलगत साचून राहतो.

आम्ही हिरवळीपलीकडची फरसबंद जागा निवडली, पाणसळ लावून ती सपाट असल्याची खात्री केली. भरलेल्या पातेल्याचे वजन तीस किलोंच्या घरात जाते आणि आत उकळता रस असतो. पाय डुगडुगला तर काय होईल हे सांगायला नको. टाकी शेगडीपासून नळीच्या लांबीइतकी दूर ठेवली. मग साबणाचे पाणी करून ब्रशने प्रत्येक जोडावर लावले. कारखान्यात आम्ही नव्या पोरांना हेच शिकवत असू, की वास येण्याची वाट पाहू नका, बुडबुड्यांना विचारा. रेग्युलेटरच्या जोडावर एक बारीक बुडबुडा आलाच. आटा तिरका बसला होता. तो सोडवून पुन्हा हाताने नीट बसवला, तेव्हा बुडबुडा थांबला. चिरंजीव खाली वाकून पाहत होता. लहानपणी सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधताना तो असाच आमच्या खांद्याशी वाकत असे.

शेगडी पेटवली तर ज्वाला समईएवढी! चिरंजीवांना वाटले, शेगडीच सदोष आहे. आम्हीही क्षणभर गोंधळलो. मग माहितीपत्रक वाचले. नळी तुटली तर वायू धो धो बाहेर पडू नये म्हणून त्या जोडात एक सुरक्षा-योजना असते. शेगडीची चावी उघडी ठेवून टाकीची चावी एकदम फिरवली की त्या यंत्रणेला वाटते नळी तुटली, आणि ती प्रवाह अडवते. उपाय सोपा होता. सगळे बंद करायचे, थोडे थांबायचे, आणि टाकीची चावी अगदी सावकाश उघडायची. तसे केले आणि जाळ गर्जत उठला. तो पिवळा होता. याचा अर्थ वायूला हवा कमी पडत होती. बर्नरच्या मानेवरची हवेची झडप जराजरा उघडत नेली, तसतशी ज्वाला निळी झाली. पिवळी ज्वाला भांडे काळे करते आणि विषारी वायूही जास्त सोडते.

पातेल्याला नळ बसवण्याचे काम उरले. आत आणि बाहेर सिलिकोनची चकती, मधे नट, आट्यांवर टेफलॉनची पट्टी. जोड बसवून पातेले काठोकाठ साध्या पाण्याने भरले आणि कोरड्या कागदावर तासभर ठेवले. कागद कोरडाच राहिला. मग साबणाने कारखान्यातले तेल धुऊन काढले, पाणी उकळून टाकून दिले. पातेले ३८ लिटरचे होते. करायची बिअर फक्त १९ लिटर. एवढे मोठे कशाला, असे आम्ही विचारले, तेव्हा चिरंजीव म्हणाला की उकळताना फेस चढतो, त्याला जागा हवी. शेवटी आम्ही एका लांब लाकडी काठीवर दर दोन लिटरला सुरीने खाच पाडली, म्हणजे पातेल्यात काठी उभी करताच रस किती ते कळावे. खाचा पाडताना आई पायलीने भात मोजत असे ते आठवले. हात थबकला.

त्या रविवारी मिस्सेनंतर चिरंजीव आम्हांला तेथून सुमारे ६५ किलोमीटरवरच्या लॅट्रोब गावी सेंट व्हिन्सेंट मठ पाहायला घेऊन गेला. बव्हेरियातून आलेल्या बोनिफेस विमर या बेनेडिक्टाइन संन्याशांनी १८४६ मध्ये त्याची स्थापना केली. अमेरिकेतील हा त्या संघाचा पहिला मठ. आपल्या देशच्या रीतीप्रमाणे मठात बिअर करण्याची त्यांची इच्छा होती. पिट्सबर्गचे तेव्हाचे बिशप मायकल ओकॉनर मद्यपानविरोधी चळवळीचे पाठीराखे होते. दोघांमधील हा वाद थेट रोमपर्यंत गेला. चिरंजीवांनी ही हकिगत आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगितली असावी. पण आमच्या मनात दोघेही बसले. एकाला आपल्या मठातील जेवणाचे टेबल दिसत होते, दुसऱ्याला मजुरांच्या वस्तीतील मोडलेले संसार. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत संन्याशांना दिवसाला ठरावीक माप वाइनची मुभा दिली आणि त्याच प्रकरणात संयमाचा उपदेशही केला. माप आणि संयम या दोन्ही गोष्टी त्यांना एकत्रच सांगाव्या लागल्या. मठाच्या आवारात १८५४ साली उभारलेली पिठाची गिरणी आहे. सौ.नी तेथून एक पिशवी पीठ घेतले.

पुढच्या शनिवारी प्रत्यक्ष काम सुरू झाले. पातेल्यात २८ लिटर पाणी घेऊन ते सत्तर अंशांपर्यंत तापवले. त्या जाळावर त्याला पाऊण तासही लागला नाही, पंधरा मिनिटे पुरली. त्यात मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, पाच किलो भरडा एका मोठ्या जाळीदार पिशवीत घालून सोडला आणि शेगडी बंद केली, नाहीतर पिशवी बुडाला करपते. ६७ अंशांच्या आसपास तासभर ते मुरले, की धान्यातल्या पिष्टाची साखर होते. वास कसा येत होता म्हणून सांगावे? उकड्या तांदळासाठी भात उकडताना अंगणात जो वास पसरतो, त्याच्या जवळपासचा. तोवर आमच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या सौ. म्हणाल्या, "आपल्या अंगणातल्यासारखं वाटतंय." आम्ही मान हलवली.

पिशवी निथळून काढली आणि गोड रस उकळायला लावला. आणि पाऊस सुरू झाला.

येथे आमच्या हातून जी चूक घडली ती लपवायची नाही. चिरंजीव म्हणाला, शेगडी गॅरेजच्या दाराशी घेऊ, दार अर्धे उघडे ठेवू. तीस वर्षे बॉयलरपाशी काढलेल्या माणसाने तेथेच 'नाही' म्हणायला हवे होते. पण पाच किलो धान्य वाया जाईल, पोराचा हिरमोड होईल, असे काहीबाही मनात आले आणि आम्ही होकार दिला. जाळ विझवून, पातेले नि शेगडी वेगवेगळे करून, दोघांनी मिळून ते दारात हलवले. पुन्हा जाळ पेटला. वारा फिरला आणि पाऊस आत येऊ लागला, तसे आम्ही दार आणखी खाली ओढले. रस उकळू लागला, फेस काठापर्यंत चढला, तो पाणी शिंपडून आणि जाळ कमी करून आवरला. उकळीला हॉप वेलीची फुले टाकली. कडवटपणा त्यांच्यामुळे येतो. नात घरात जाणाऱ्या पायरीवर बसून चित्र काढत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आजोबा, माझं डोकं दुखतंय." त्याच सुमारास आतल्या भिंतीवरील धोक्याची घंटा किंचाळू लागली.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून बसते. हे सारे आम्ही कारखान्यात फळ्यावर खडूने लिहून शिकवलेले होते! चिरंजीवांनी टाकीची चावी बंद केली, दार वर ढकलले. आम्ही नातीला उचलले आणि सगळे भर पावसात हिरवळीवर जाऊन उभे राहिलो. सूनबाईंनी अग्निशमन दलाला फोन केला. ती माणसे आली, यंत्राने हवा मोजली, नातीला आणि आम्हां सर्वांना तपासले. देवाच्या कृपेने कोणाला काही झाले नव्हते. मोकळ्या हवेत नातीचे डोके थोड्याच वेळात थांबले. जाताना त्यांच्यातला वडीलधारा गृहस्थ एवढेच म्हणाला, की असली शेगडी उघड्या आकाशाखालीच पेटवायची. दार उघडे असले तरी गॅरेज ही खोलीच असते.

त्या रात्री नात झोपल्यावर आम्ही चिरंजीवांना हंड्याची गोष्ट सांगितली.

आमच्या आईकडे तांब्याचा एक मोठा हंडा होता. माहेरून आलेला. त्यात ती स्वतःचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा भात उकडून देई, आणि त्यावर आमचे घर चाले. कारण वडिलांची कमाई वाटेतच संपे. आम्ही दहा वर्षांचे असताना, साधारण १९६१ साली, एके रात्री वडील तो हंडा घेऊन गेले. खाडीकडे कोणाची तरी हातभट्टी होती, तिला मोठे भांडे हवे होते. त्याला भोक पाडून नळी बसवली गेली. पुढे पोलिसांची धाड पडली आणि हंडा कायमचा गेला. आईने त्यांना एका शब्दाने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ती शेजारणीकडे हंडा मागायला गेली, आणि आम्हांला बरोबर घेऊन गेली. तिला एकटीला जायची लाज वाटत होती. चार वर्षांनी वडील यकृताच्या विकाराने वारले. त्यांचे पोट फुगलेले आम्हांला अजून दिसते. आम्ही त्याच वर्षी देवासमोर जे ठरवले, ते आजवर पाळले.

चिरंजीव बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पप्पा, तुम्ही सांगितलं असतंत तर मी हे आणलंच नसतं. सकाळी ओतून देतो."

आम्ही विचार केला. ओतून दे म्हणणे सोपे होते, आणि तसे म्हणावे अशी इच्छाही झाली. पण आज पायरीवर बसलेल्या पोरीला जो धोका झाला, तो त्या रसाने केलेला नव्हता. तो, कोणाला नाराज करायला नको म्हणून आम्ही 'नाही' म्हटले नाही, त्याने केलेला होता. वडिलांनाही वेळेवर कोणी नाही म्हटले नाही. आम्ही म्हणालो, "ओतू नकोस. पण एक कर. या घरात कोणालाही 'पुरे' म्हणायचा हक्क राहू दे, मग ती आठ वर्षांची पोर का असेना. आणि ती म्हणाली की थांब." त्याने आमचा हात हातात घेतला. तो शब्द त्याने दिला.

रविवारी दुपारी आकाश निवळले. पातेले थंड झाले होते. नळाने थोडा थोडा रस लहान पातेल्यांतून बाहेर नेला आणि फरसबंदीवर पुन्हा तासभर उकळला. तांब्याच्या वेटोळ्या नळीतून गार पाणी खेळवून तो वीस अंशांवर आणला, निर्जंतुक केलेल्या भांड्यात यीस्ट घालून झाकून ठेवला. दोन आठवडे झाकणावरची नळी बुडबुडत होती. साबणाच्या पाण्यात ज्याची भीती, तोच बुडबुडा येथे शुभ! बाटल्या भरल्यावर तळाशी यीस्टचा गाळ उरला. तो टाकून देणार तोच सौ. म्हणाल्या, "थांबा." पूर्वी आपल्याकडे फुगे करताना पीठ ताडी घालून आंबवत असत, हे त्यांना आठवले. चमचाभर गाळ मठाच्या गिरणीतल्या पिठात घालून त्यांनी रात्रभर ठेवला आणि सकाळी फुगे तळले. चव किंचित कडवट होती. नातीने सात खाल्ले.

बाटल्या मुरायला आणखी दोन आठवडे हवे होते, आणि आमची परतीची तिकिटे त्याआधीची होती. त्यामुळे 'पप्पा, एक घोट?' हा प्रश्न त्याला विचारावा लागला नाही, आणि आम्हांला उत्तरही द्यावे लागले नाही.

नाताळच्या रात्री त्याचा फोन आला. मध्यरात्रीच्या मिस्सेला येणाऱ्या लोकांसाठी त्याने ती शेगडी नि केटल चर्चच्या आवारात नेली होती आणि तीस लिटर चहा केला होता, आले घालून, आपल्या पद्धतीचा. फोनवर त्याने भांडे दाखवले. वाफ निघत होती, नळाखाली रांग होती, आणि नात आमच्या खाचांची काठी हातात धरून किती उरला ते मोजत होती. आम्हांला तेथे आमची आई उभी असल्यासारखे वाटले. बोलायला पुष्कळ होते, पण तोंडून निघाले ते एवढेच, "शेगडी बाहेरच पेटवलीस ना रे?"

"बाहेरच, पप्पा. अगदी उघड्यावर."